पिऊन आलेल्यांना प्रवेश नाही

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून "नोकरीतले काही गमतीदार अनुभव लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "अहो, व्यसनमुक्ती केंद्रातले? गमतीदार?" ते म्हणाले, "हृदयस्पर्शीही चालतील." माझं सगळं लहानपण सदाशिव पेठेत गेलेलं. हृदयस्पर्शी म्हटलं की मला गॅसवर दूध ठेवल्याचं आठवतं आणि मी फोन ठेवते. पण एक गोष्ट सांगायची खरंच राहून गेली आहे. तिच्यात माझी चूक आहे, म्हणूनच ती इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती.

आधी काम काय होतं ते सांगते. मी समुपदेशक होते. लोकांना वाटतं, समुपदेशक म्हणजे गोड बोलून दारू सोडवणारी बाई. सत्तावीस वर्षांत मी कोणाचीही दारू सोडवलेली नाही. ज्यांनी सोडली त्यांनी आपली आपण सोडली, मी शेजारी खुर्ची टाकून बसले होते. आमचं केंद्र हडपसरच्या पुढे मांजरीच्या वाटेवर, एका भाड्याच्या बंगल्यात होतं. तेव्हा तिथे तिन्ही बाजूंना ऊस होता. आता तिथे एवढ्या इमारती झाल्यात, की मागच्या वर्षी मला तो बंगला सापडला नाही. बारा खाटा, पुढे व्हरांडा, मागे स्वयंपाकघर. डॉक्टर दिवसाआड यायचे. मांजरी गावातल्या सगुणामावशी स्वयंपाक करायच्या आणि खरं सांगायचं तर केंद्रही त्याच चालवायच्या.

माणूस आमच्याकडे महिनाभर राहायचा. पहिले पाच-सहा दिवस हात थरथरायचे, दरदरून घाम, झोप नाही, कधी भास. तो प्रांत डॉक्टरांचा. उरलेले दिवस माझे. महिना संपला की घरी जायचं आणि दर गुरुवारी भेटायला यायचं, निदान दोन वर्षं. खरं काम या गुरुवारांचं. केंद्रात कोणीच दारू पीत नाही, कारण मिळतच नाही. बाहेर पडल्यावर बसस्टॉपपर्यंत चार दुकानं लागायची.

गुरुवारी येणारा माणूस कधी ना कधी घसरतो. सगळे नाही, पण बरेच. आमच्याकडचे दोन शब्द होते. एखाद्या वेळी घेतली तर तो 'घसरला', आणि पहिल्यासारखी रोजची सुरू झाली तर तो 'पडला'. या दोन शब्दांच्या मधे जेवढी जागा आहे, तेवढ्या जागेत मी नोकरी केली. बाहेरच्यांना वाटतं, पहिल्या पेल्यातली दारू माणसाला पाडते. मी जे पाहिलं ते असं, की पेला खाली ठेवल्यावर माणूस मनाशी म्हणतो, 'गेलं आता सगळं.' आणि सगळं गेलंच आहे म्हटल्यावर दुसरा भरायला काय हरकत? एक पेला चालतो असं मी म्हणत नाही, कोणी तसा गैरसमज करून घेऊ नका. तो नकोच. पण होऊन गेल्यावर पुढच्या तासाभरात काय करायचं, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं ना.

हे सगळं आता मी शहाण्यासारखं लिहिते आहे. तेव्हा मी काय केलं होतं ते सांगते. केंद्रात रुजू झाले त्या वर्षी एका पेशंटचा मेहुणा झोकांड्या खात भेटायला आला आणि पायजम्याच्या नेफ्यात लपवून आणलेली बाटली आत देऊन गेला. चार जण त्या बाटलीला लागले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः ब्रश आणि रंग आणून फाटकावर पाटी रंगवली:

'पिऊन आलेल्यांना प्रवेश नाही. न पिता यावे. कारणे सांगत बसू नये.'

अक्षर माझं चांगलं आहे. शेवटच्या वाक्याचा मला विशेष अभिमान होता. येणारेजाणारे वाचून हसायचे, एका वार्ताहरानं तर फोटोही काढून नेला होता. ती पाटी अकरा वर्षं तिथे होती.

रफीकभाई आले ते पाटी लागल्याला दहा वर्षं होऊन गेल्यावर. त्यांचं गंज पेठेत पुस्तकबांधणीचं छोटं दुकान होतं. पुण्यात पीएचडी करणाऱ्यांना तोटा नाही. त्यांचे जाडजूड प्रबंध शिवायचे, काळं रेक्झिन चढवायचं आणि पाठीवर सोनेरी अक्षरात नाव उठवायचं, हे त्यांचं मुख्य काम. स्वतः सातवी शिकलेले. "ताई, निम्म्या पुण्याला मीच डॉक्टर केलंय," असं ते गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे. आमच्याकडे येण्याआधी ते सलग चार महिने प्यायले होते. शेवटी रक्ताची उलटी झाली, हॉस्पिटलात दोन आठवडे काढले. तिथून आमच्याकडे आले तेव्हा आमच्या डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच मला सांगितलं, "आणखी एक अशी फेरी झाली, तर ह्यांना कोणी परत आणू शकणार नाही." रफीकभाईंनी मान हलवली, जणू दुसऱ्या कोणाबद्दल बोलणं चाललंय.

महिना पुरा झाल्यावर घरच्यांना बोलावून सगळ्यांसमोर निरोप द्यायची आमच्याकडे पद्धत होती. त्यांची बायको शमीमभाभी आली होती, बरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी. भाभी बारीक चणीची, आवाज इतका हळू की मान पुढे करून ऐकावं लागायचं. तिला बोलायला सांगितलं तेव्हा ती उभी राहिली आणि त्याच हळू आवाजात म्हणाली, "अल्लाहची कसम, पुन्हा प्यायले तर मी मुलीला घेऊन खराडीला भावाकडे निघून जाईन. परत येणार नाही."

मी त्या वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. "भाभी, कसम नको, बघू आपण," एवढं तरी. पण मला ते बाणेदार वाटलं. घरच्यांनी असंच ठाम राहायला हवं, असं मी उलट सगळ्यांना म्हणाले. टाळ्यासुद्धा वाजवल्या असतील.

सात महिने रफीकभाई एकही गुरुवार चुकले नाहीत. मग एका मंगळवारी दुपारी मी डबा उघडत होते, तेव्हा सगुणामावशी ताटं पुसता पुसता म्हणाल्या, "ताई, त्यो बुकं बांधनारा सकाळी आला व्हता."

"रफीकभाई? मंगळवारी कसे?"

"फाटकापाशी हुबा ऱ्हायला. पाटी वाचली. म्या म्हनलं, या की आत. तर म्हनला, नको मावशी, माझा वास येतोय. आन् गेला."

"अहो, मग तुम्ही थांबवलं का नाही त्यांना? मला हाक का नाही मारली?"

मावशींनी ताट खाली ठेवलं. "पाटी तुमचीच हाय न्हवं?"

मला राग आला. राग स्वतःचाच होता, पण तो मावशींवर काढायच्या बेतात मी होते. तेवढ्यात भीत भीत मनात आलं ते विचारलं, "आणखी कोणी गेलंय का असं? पाटी वाचून?"

"येत्यात की. वाचत्यात आन् जात्यात."

"किती जण?"

"म्या काय मोजलं न्हाई, ताई."

या नोकरीत मी मार खाल्ला आहे, शिव्या खाल्ल्या आहेत, एका माणसानं माझा चष्मा चावून तोडला आहे. पण मावशींचं ते वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं. कारण जे दांडगे होते ते माझी पाटी कधीच जुमानत नव्हते. ते झुलत यायचे, फाटक हलवायचे, कारणं सांगत बसायचे, आणि शेवटी आम्ही त्यांना आत घेऊन लिंबूपाणी द्यायचो. पाटी वाचून मुकाट परत जायचे ते लाज असलेले लोक. घसरल्यावर दुसऱ्या पेल्याकडे न जाता हडपसरची बस पकडून माझ्याकडे आलेले. त्यांना मी फाटकावरूनच, सुंदर अक्षरात, घालवून देत होते. ते कोण होते, पुढे त्यांचं काय झालं, हे मला कधीच कळणार नाही.

डबा तसाच ठेवून मी निघाले. रामोशी गेटला उतरून गंज पेठेतलं ते दुकान शोधून काढलं. शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत गेले. खळीचा आणि नव्या कागदाचा वास, त्यात तो तिसरा वास. रफीकभाई कागद दाबायच्या मोठ्या लोखंडी प्रेसला टेकून जमिनीवर बसले होते. मला बघून धडपडत उभे राहिले.

"ताई, तुम्ही कशाला आलात? मी प्यायलोय."

"कळतंय. बसू का?"

"तुमचीच पाटी आहे, की..."

"ती मांजरीला आहे. हे तुमचं दुकान आहे. बसा म्हणाल तर बसते."

त्यांनी स्टूल पुसून दिलं. दारू प्यायलेला माणूस, पण स्टूल पुसल्याशिवाय दिलं नाही. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "कारण असतं तर बरं झालं असतं. काल संध्याकाळी घरी चाललो होतो आणि घेतली. बास. रात्री शमीमला डोकं दुखतंय म्हणालो आणि बाहेरच्या खोलीत झोपलो. सकाळी उठल्यावर थोडी घेतली आणि मग तुमच्याकडे आलो." कापडाच्या ताग्यांमागे बाटली दिसत होती, अर्ध्याहून जास्त भरलेली.

"मग तिथून इथे आल्यावर?"

"अजून नाही घेतली. बघत बसलोय तिच्याकडे." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "पण आता काय फरक पडतो? सात महिने पाण्यात गेले. आज घरी गेलो की शमीमला वासावरून कळणार. तिनं कसम खाल्लीये, आणि ती बाई कसम मोडणारी नाही. म्हणजे घर गेलं. मग मी कशाला लटकत राहू मधेच? ही संपवतो, उद्या दुसरी आणतो. डॉक्टर म्हणालेच होते ना? होऊन जाऊ दे एकदाचं."

ते हे अगदी शांतपणे, एखादं काम उरकायचं ठरवल्यासारखं म्हणाले. मला चांगलं ठाऊक होतं, की हा माणूस ते करेल, आणि तीन-चार महिन्यांत संपेल.

अशा वेळी समुपदेशकाला हुशारी सुचते. मी शिकवल्यासारखं म्हणाले, "रफीकभाई, दोनशे पानांच्या पुस्तकात एक फर्मा उलटा शिवला गेला, तर तुम्ही अख्खं पुस्तक फेकून देता का?"

फर्मा म्हणजे घडी घातलेल्या आठ किंवा सोळा पानांचा जुडगा. असे फर्मे एकापुढे एक शिवून पुस्तक होतं. एवढं मला माहीत होतं. रफीकभाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"ताई, दोरा एकच असतो. तो फर्मा काढायचा तर त्याच्यापुढची सगळी शिलाई उसवावी लागते. तुम्हाला बाइंडिंगमधलं काही कळत नाही."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, तिची चाकं कुरकुरत होती. जवळच्या मशिदीतून दुपार कलल्यावरची अजान झाली. रफीकभाईंनी सवयीनं डोक्यावर रुमाल घेतला, मग आपल्याच तोंडाचा वास आल्यासारखं केलं आणि रुमाल काढून ठेवला. "बारा दिवसांवर रमजान आलाय," ते म्हणाले. "ह्या वर्षी रोजे नाही धरणार. कुठल्या तोंडानं धरू?"

यानंतर मी जे विचारलं त्यात काही हुशारी नव्हती. मला खरंच माहीत नव्हतं, आणि बोलणं तुटू नये एवढाच हेतू होता. मी म्हटलं, "एक विचारू? तुमच्यात रोजा चुकून मोडला तर काय करतात? आमच्यात मोडला की मोडला. गेल्या चतुर्थीला मी विसरून चहाबरोबर बिस्किट खाल्लं. मग म्हटलं, आता मोडलाच आहे उपास, तर दुपारी जाऊन मिसळ खाल्ली. वर एक प्लेट भजी."

रफीकभाई हसले. त्या दिवसातलं पहिलं हसणं. "भजीपण?"

"मोडलाच होता म्हटल्यावर काय."

"आमच्यात तसं नसतं, ताई." आणि ते सांगायला लागले. तेरा वर्षांचे असताना त्यांनी रोजा धरला होता. दुपारी वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुताना, चूळ भरली आणि पाणी घशात गेलं. रोजा गेला. रडत रडत घरी आले आणि सरळ भाकरीच्या डब्याला हात घातला. "अम्मीनं मनगट धरलं माझं. म्हणाली, 'रोजा गया रे, दिन तो नहीं गया.' रोजा गेला तरी सूर्य मावळेपर्यंत काही खायचं नाही. त्या दिवसाचा मान म्हणून. आणि मग ईद झाल्यावर त्याच्याबदली एक रोजा धरून द्यायचा. त्याला कज़ा म्हणतात. मी तसाच बसलो होतो उपाशी, संध्याकाळपर्यंत. ती पण माझ्याजवळ बसली होती. गोष्टी सांगत..."

बोलता बोलता ते थांबले. मला आयुष्यभर बोलण्याचाच पगार मिळाला. त्या दिवशी मात्र मी तोंड बंद ठेवलं, आणि माझ्या नोकरीतलं ते सगळ्यांत चांगलं काम होतं असं मला आजही वाटतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "किती वाजले?"

"पाच वाजत आलेत."

"मगरिबला अजून दोन तास आहेत." मगरिब म्हणजे सूर्यास्ताची नमाज. मग जरा कठोरपणे मला म्हणाले, "ताई, रोजा वेगळा आणि हे घाणेरडं काम वेगळं. दोन्हीची बरोबरी करायची नाही."

"मी कुठे करतेय? मी फक्त दिवसाबद्दल विचारतेय. तो आहे ना अजून?"

त्यांनी ताग्यांमागून बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती मागच्या मोरीत ओतली. पाणी टाकून मोरी धुतली, कारण वास राहिला असता. परत आले तेव्हा ते म्हणाले, "मगरिबनंतर काय करायचं?" मी म्हटलं, "ते मगरिबनंतर बघू."

ते दोन तास मी विसरणार नाही. रिकामं बसवेना, म्हणून त्यांनी एका पुस्तकाचे छापील कागद पुढ्यात घेतले. सुईत दोरा जाईना. मी ओवून दिला. मग मी पानांच्या घड्या घालायला बसले. माझी एकही घडी सरळ पडली नाही. ते काही न बोलता माझी प्रत्येक घडी उलगडायचे आणि हाडाच्या पट्टीनं दाबून पुन्हा घालायचे. एकदाच म्हणाले, "राहू द्या, ताई, तुम्ही चहा सांगा." घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. दोनदा ते उठून शटरपर्यंत गेले आणि परत येऊन बसले. त्यांच्याकडे बघून मला इतकी माया वाटत होती, की काही बोलले असते तर रडले असते. चाळिशी ओलांडलेला तो माणूस मला त्या वेळी तेरा वर्षांचा दिसत होता.

सूर्य मावळला तेव्हा मी म्हणाले, "आता घरी जाऊन शमीमभाभींना सांगायचं. तुम्ही सांगायचं, मी नाही. वासावरून कळायच्या आधी." त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण आले.

घर दोन गल्ल्या पलीकडे. भाभी पोळ्या करत होती. दारात मला बघून तिनं ओळखलं असावं. रफीकभाई चपला न काढता उंबऱ्यातच उभे राहिले आणि म्हणाले, "शमीम, मी काल घेतली. आज सकाळी पण. दुपारपासून नाही घेतली." तिनं तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला. मुलीला शेजारी पाठवलं. मग माझ्याकडे वळून तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही जा आता." दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना दाखवायचं एवढं सांगून मी निघाले.

त्या आठवड्यात गुरुवारी रफीकभाई आले नाहीत. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "आला होता. गोळ्या घेऊन गेला. घेतलेली नव्हती." मी विचारलं, बायको बरोबर होती का. नव्हती. एकटेच आले होते आणि काही बोलले नाहीत. मला वाटलं, भाभी खराडीला गेली. तिच्या जागी मी असते तर गेले असते. पण ती गेली तर ते किती दिवस तग धरतील, याचा विचार करायचीही मला भीती वाटत होती. आणि त्या कसमेला मीच मान डोलावली होती.

त्या शुक्रवारी मी पाटी काढली. व्यवस्थापकांनी विचारलं, "आता उद्यापासून कोणीही झुलत येईल त्याचं काय?" मी म्हटलं, "येऊ देत. बाटली घेऊन आला तर मावशी बघतील." नवीन पाटीवर लिहिलं: 'घेतली असेल तर बेल वाजवावी. परत जाऊ नये.' पहिल्याच महिन्यात पाच जणांनी बेल वाजवली. पैकी एक जण तर न पिता, नुसता पाटी बघून चक्रावला म्हणून वाजवून गेला.

अगदी शेवटच्या वर्षांत हिंजवडीची मुलं यायला लागली. एक जण खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "मॅम, माझी एकशे बारा दिवसांची स्ट्रीक गेली. ॲपनं झिरो करून टाकलं." मी विचारलं, "मग ते एकशे बारा दिवस काढले कोणी? ॲपनं?" तो गोंधळला. मग मी त्याला त्या पुस्तक बांधणाऱ्या गृहस्थांकडे पाठवलं, कारण मी सांगण्यापेक्षा त्यांनी सांगितलेलं बरं. ते अजून आहेत. केस पांढरे झालेत, दुकान मुलगी बघते. त्या वेळेनंतर आणखी दोनदा घसरले, दोन्ही वेळा त्याच दिवशी येऊन बेल वाजवली. पडले मात्र नाहीत.

पण त्या आठवड्यात यातलं काहीच मला माहीत नव्हतं. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास फाटकापाशी रिक्षा थांबली. आधी शमीमभाभी उतरली. मग रफीकभाई. दोघांनी मिळून दोन मोठी पातेली उतरवली, फडक्यानं तोंड बांधलेली. मी धावत गेले. रफीकभाईंनी दाढी केली होती, डोळे स्वच्छ होते. भाभीनं मला विचारलं, "ताई, तुमच्याकडे गरीब पेशंट किती आहेत?"

"म्हणजे?"

"हमाल, मजूर, असे. मोजून दहा पाहिजेत."

त्या वेळी आमचे बारा होते. एक बँकेतले साहेब, एक हायस्कूलचे शिक्षक, बाकी दहा अक्षरशः तसेच. मी काही न विचारता त्यांना व्हरांड्यात ओळीनं बसवलं. मावशींनी ताटं मांडली. भाभीनं फडकं सोडलं. पुलाव आणि दुधी घातलेला दालचा, म्हणजे डाळीचं कालवण, सगळ्यांना चालावा म्हणून मुद्दाम बिनमटणाचा. "दुसऱ्या पातेल्यात संध्याकाळचं आहे," ती मावशींना म्हणाली. बँकेतले साहेब दारातून म्हणाले, "बाई, मीही गरजूच आहे हो." भाभी म्हणाली, "बसा ना, साहेब. पण तुम्ही मोजणीत नाही." तेही बसले, शिक्षकही बसले.

वाढता वाढता ती माझ्याजवळ आली तेव्हा मी हळूच विचारलं, "भाभी, हे कशाबद्दल?"

"माझ्या कसमेबद्दल," ती म्हणाली. "इथेच खाल्ली होती ना, सगळ्यांसमोर, की प्यायले तर निघून जाईन. त्या दिवशी बॅग भरली होती मी, ताई. पण आजवर ते कधी स्वतः येऊन सांगत नव्हते, मला वासावरूनच कळायचं. ह्या वेळी उंबऱ्यात उभं राहून सांगितलं. मग माझ्यानं जाववेना. पण मी अल्लाहचं नाव घेऊन बोलले होते, चार दिवस झोप नाही. मौलवीसाहेबांना विचारायला ह्यांनाच पाठवलं. ते म्हणाले, घर राहत असेल तर मोडा कसम, आणि कफ्फारा द्या. कफ्फारा म्हणजे भरपाई. दहा गरिबांना दोन वेळचं पोटभर जेवण." मग पदरानं कपाळ पुसून म्हणाली, "त्यांचं मोडलं, माझं पण मोडलं."

मी नुसता तिचा हात धरला, तो भाताच्या वाफेनं गरम झाला होता.

सगळ्यांना वाढून झालं. बारा माणसं मान खाली घालून जेवत होती. रफीकभाई एवढा वेळ पाण्याचे तांबे भरत होते. त्यांनाही भूक लागली असावी, कारण त्यांनी मावशींच्या हातातलं एक रिकामं ताट घेतलं आणि ओळीच्या शेवटी बसायला गेले. भाभीनं पुढे होऊन ते ताट त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"तुम्हाला नाही. ह्यातलं घरच्या माणसाला चालत नाही," ती म्हणाली. "तुमचं घरी झाकून ठेवलंय."